नऊ टक्के बारापेक्षा महाग कसे? जुनी गाडी घेताना दुकानावरचे कर्ज आणि बँकेचे कर्ज



रेडिओवरच्या आपल्या शेती कार्यक्रमात मी एरवी बोलतो ते भाताच्या रोपवाटिकेवर, भेंडीच्या हळद्या रोगावर, नाही तर खताच्या मात्रेवर. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. जुनी चारचाकी घ्यायची तर पैसे कुठून उभे करावेत, गाडी विकणाऱ्या डीलरच्या दुकानावर मिळणारे कर्ज घ्यावे की बँकेत जावे, असे बरेच जण विचारतात. म्हणून कार्यक्रमात सांगितलेली माहिती या पत्रकात सविस्तर देत आहे. पत्रक घरात जपून ठेवा आणि गाडी बघायला जाल त्या दिवशी खिशात असू द्या.

गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटे कल्याणच्या बाजार समितीत भाजी पोचवायची असते, मुलीला कॉलेजला सोडायचे असते, घरात कोणी आजारी पडले तर रात्री-अपरात्री ठाण्याला न्यावे लागते. शहापूर-भिवंडीकडून नाशिकच्या हमरस्त्याने येणारी मंडळी आणि मुरबाड-कल्याणकडून दुर्गाडीचा पूल ओलांडून येणारी मंडळी शेवटी माजिवड्याच्या नाक्यावर एकत्र येतात. १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली. त्याच्या आधी या भागात भातशेती होती, हे आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आज नाक्यापासून घोडबंदर रस्त्याला लागले की इमारती आणि गाड्याच गाड्या. जुन्या गाड्यांची दुकानेही इकडेच सापडतात. गाडी बघायला माणूस इकडे येतो आणि कर्जाचा कागदही इथेच सही करून जातो. नेमकी इथेच चूक होते.

आमच्याच घरची गोष्ट

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी स्वतःची चूक सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी ठाण्याला न्यावे लागे. दर वेळी भाड्याची गाडी परवडेना. आमच्या दादाने जुनी गाडी घ्यायचे ठरवले. तालुक्याच्या बँकेत चौकशी केली तर त्यांनी बारा टक्के व्याज सांगितले, कागदांची यादी दिली आणि आठ-दहा दिवस लागतील म्हणाले. पुढच्या रविवारी ठाण्याकडच्या एका दुकानात गाडी पसंत पडली. दुकानदार म्हणाला, "दादा, बँकेच्या फेऱ्या कशाला मारताय? आपल्याकडे नऊ टक्के. सही करा नि संध्याकाळी गाडी घेऊन जा."

बारापेक्षा नऊ कमी. दादाने सही केली. मी शेजारीच बसलो होतो. बी.एस्सी. ॲग्री झालेला, हेक्टरी मात्रेवरून गुंठ्याचा युरिया तोंडी काढून देणारा मी. पण नऊ टक्के कशावर, हे एका शब्दाने विचारले नाही. आईला मंगळवारी न्यायचे होते, तेवढेच डोक्यात होते.

पहिले चार हप्ते गेले. भाद्रपदात घरात पैसा नव्हता, हप्ता चुकला. दंड लागला, बँकेनेही हप्ता परत गेल्याचा आकार कापला. पुढच्या महिन्यात दोन हप्ते एकदम भरायची वेळ आली आणि व्यायला आलेली म्हैस विकावी लागली. गाडीमुळे आईची एकही फेरी चुकली नाही, हे मी नाकारत नाही. पण ती म्हैस वाचली असती. कशी, ते आता हिशेबाने बघू. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून थोडे पूर्ण करून घेतले आहेत.

व्याज कशावर धरले, ते आधी विचारा

समजा, कर्ज ३,००,००० रुपये आणि मुदत ३ वर्षे, म्हणजे ३६ हप्ते.

दुकानावरचे नऊ टक्के हे बहुधा सरसकट व्याज असते. त्याला ते लोक 'फ्लॅट रेट' म्हणतात. यात तिन्ही वर्षे व्याज पूर्ण ३,००,००० रुपयांवर धरतात. वर्षाचे २७,००० रुपये, तीन वर्षांचे ८१,०००. एकूण फेड ३,८१,००० रुपये. छत्तीसने भागले की हप्ता १०,५८३ रुपये.

बँकेचे बारा टक्के हे घटत्या बाकीवरचे व्याज असते. पहिल्या महिन्यात ३,००,००० रुपयांवर एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये व्याज. हप्ता ९,९६४ रुपये. त्यातले ६,९६४ रुपये मुद्दलात जातात. दुसऱ्या महिन्यात व्याज उरलेल्या २,९३,०३६ रुपयांवर, म्हणजे २,९३० रुपये. असे व्याज दर महिन्याला उतरत जाते. तीन वर्षांत एकूण व्याज सुमारे ५८,७०० रुपये होते.

म्हणजे नऊ टक्क्याला ८१,००० आणि बारा टक्क्याला ५८,७००. नऊ टक्केवाले कर्ज २२,३०० रुपयांनी महाग पडले. बँकेच्या पद्धतीने मोजले तर दुकानावरचे नऊ टक्के हे सुमारे सव्वासोळा टक्के होतात.

हे डोक्यात बसत नसेल तर भाताचा दाखला घ्या. शेजाऱ्याकडून एक खंडी भात वाढीदिढीने आणले. अर्धी खंडी परत केली. आता वाढ कितीवर द्यायची? उरलेल्या अर्ध्या खंडीवर. पण शेजारी म्हणाला, "परत केलीस ते ठीक, वाढ मात्र पूर्ण खंडीवरच देत राहा," तर आपण ऐकून घेऊ का? सरसकट व्याजात हेच होते. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे मुद्दल उरलेले असते ८,३३३ रुपये आणि त्यावर त्या एका महिन्याचे व्याज धरलेले असते २,२५० रुपये. शंभराला सत्तावीस रुपये, तेही एका महिन्याचे. आपल्या आजोबांच्या काळातला सावकारसुद्धा ऐकून चपापला असता.

साधा आडाखा असा ठेवा: तीन-चार वर्षांच्या कर्जाला सरसकट दर सांगितला, की खरा दर त्याच्या पावणेदोनपट ते दुप्पट समजा आणि मगच बँकेच्या दराशी ताडून बघा.

हातात किती आले, तेही मोजा

आमच्या दादाच्या कर्जातून १२,००० रुपये आधीच कापले गेले. पाच हजार 'फाईल चार्ज' आणि सात हजार कर्जाच्या विम्याचे. गाडीच्या किमतीत प्रत्यक्ष २,८८,००० रुपयेच धरले गेले, पण हप्ता आणि व्याज मात्र तीन लाखांवर. हे धरून हिशेब केला तर तोच दर एकोणीस टक्क्यांच्या वर जातो. बँकेनेही प्रक्रिया आकार घेतला असता. तो ३,००० रुपये धरला तरी बँकेचा दर पावणेतेरा टक्क्यांच्या आतच राहिला असता.

आता दोन्ही एकत्र बघा. व्याजातला फरक २२,३०० आणि आकारातला फरक ९,०००. एकूण ३१,३०० रुपये. महिन्याच्या हप्त्यात मात्र फरक दिसतो तो फक्त ६१९ रुपयांचा. म्हणून तर तो नजरेत येत नाही.

'हप्ता कितीचा?' हा प्रश्न आधी विचारू नका

दुकानात गेल्यावर आपण पहिल्यांदा हेच विचारतो, आणि समोरचाही त्याचीच वाट बघत असतो. कारण मुदत वाढवली की हप्ता हवा तेवढा लहान करता येतो. तेच तीन लाख, तेच सरसकट नऊ टक्के, पण मुदत पाच वर्षे केली तर हप्ता येतो ७,२५० रुपये. ऐकायला हलका वाटतो. पण एकूण व्याज होते १,३५,००० रुपये. बँकेच्या तीन वर्षांच्या कर्जापेक्षा ७६,००० रुपयांहून जास्त. आणि गाडी आधीच दहा वर्षांची असेल तर कर्ज फिटेपर्यंत ती पंधराची होते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी आणि नूतनीकरणाचा खर्च आलाच. कर्ज संपायला आणि गाडी थकायला एकच गाठ पडते.

हप्त्याऐवजी हे तीन आकडे विचारा आणि कागदावर लिहून घ्या:

१. रोख घेतली तर गाडीची किंमत किती? हा भाव कर्जाची गोष्ट काढण्याआधीच ठरवा. कर्ज दुकानातूनच घ्यायचे असेल तर किंमत वेगळी सांगतात का, तेही बघा. कर्ज जुळवून दिल्याबद्दल डीलरला कंपनीकडून अनेकदा कमिशन मिळते. तो त्याचा धंदा आहे, पण त्याचा सल्ला फुकटचा नाही एवढे ध्यानात असू द्या.

२. सगळे कापून माझ्या कामी प्रत्यक्ष किती रुपये येणार?

३. शेवटच्या हप्त्यापर्यंत माझ्या खिशातून एकूण किती जाणार?

दुसरा आकडा तिसऱ्यातून वजा करा. जे उरेल ती त्या कर्जाची खरी किंमत. डीलरचे कर्ज आणि बँकेचे कर्ज यांची तुलना याच आकड्यावर करा, मात्र दोन्हीकडे मुदत सारखी धरा.

तुमच्या हक्काचा कागद

रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी एक नियम काढला. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो, सहकारी बँक असो की फायनान्स कंपनी असो, अशा प्रत्येक नव्या कर्जाच्या आधी त्यांनी कर्जदाराला मुख्य माहितीचे पत्रक द्यायचे आहे. ते लोक त्याला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' किंवा 'के.एफ.एस.' म्हणतात. हे पत्रक तुम्हाला समजेल त्या भाषेत असले पाहिजे. तेव्हा मराठीतच मागा.

या पत्रकात एक ओळ 'वार्षिक टक्केवारी दर', म्हणजे 'ए.पी.आर.' अशी असते. व्याज, प्रक्रिया आकार, कर्जासोबत घेतलेला विम्याचा हप्ता हे सगळे धरून कर्ज वर्षाला किती टक्क्यांना पडते, ते त्या एका आकड्यात येते. आमच्या दादाच्या वेळी हा कागद असता तर त्यावर नऊ नव्हे, एकोणीस दिसले असते. दोन ठिकाणची पत्रके शेजारी ठेवा आणि हा आकडा ताडून बघा. मोठा हिशेब करायचीसुद्धा गरज नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पत्रकात नसलेला कोणताही आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. आणि पत्रक दिल्यावर विचार करायला निदान तीन कामाचे दिवस मिळाले पाहिजेत. तोवर त्यातल्या अटी त्यांना पाळाव्या लागतात. म्हणून "आजच सही करा, उद्या हा रेट राहणार नाही" असे कोणी म्हटले तर शांतपणे म्हणा, "पत्रक द्या, तीन दिवसांनी येतो." उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे आपले होऊ नये.

हा हक्क सहज मिळालेला नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्या दख्खनच्या उठावानंतर १८७९ साली कायदा झाला आणि शेतकऱ्याला भरलेल्या पैशाची पावती आणि कर्जाचा हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवल्याने काय होते, ते आपल्या पूर्वजांनी भोगले आहे. आता आपल्याला वाचता येते. मग न वाचता सही का करावी?

कोरा फॉर्म, कोरा स्टँप पेपर किंवा रक्कम न लिहिलेला चेक यांवर कधीही सही करू नका. दुकानदार स्वतःच्याच खिशातले पैसे व्याजाने देत असेल तर त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का, ते विचारा. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार तो लागतो.

गाडीचा सातबारा बघा

जमीन घेताना आपण सातबारा काढतो आणि 'इतर हक्कां'त बोजा आहे का ते बघतो. गाडीचा सातबारा म्हणजे आरसी. कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजा नोंदलेला असतो. आधीच्या मालकाचे कर्ज फिटले नसेल तर तो बोजा गाडीसोबत तुमच्या दारात येतो. परिवहन खात्याच्या 'एम-परिवहन' ॲपवर गाडीचा नंबर घालून बोजा, विमा आणि नोंदणीची मुदत बघता येते. घरातल्या शिकत्या मुलाला सांगा, पाच मिनिटांचे काम आहे. गाडीवर दंडाची चलने थकली आहेत का, तेही बघून घ्या.

बोजा असेल तर आधीच्या बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतो. तुमच्या नव्या कर्जाचा बोजा नमुना ३४ ने चढतो. गाडी ठाण्याची एमएच-०४ असो की कल्याणची एमएच-०५, हे नमुने सारखेच. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते. ते दाखवा म्हणायला लाजू नका. नोंदणी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही पाहा.

"आरसी नंतर नावावर होईल" या शब्दावर विसंबू नका. गाडी नावावर झाली नाही आणि अपघात झाला तर घरातल्याच्या औषधपाण्याच्या वेळी विम्याचा वाद उभा राहतो. जुना मालकही सुटत नाही. आरसीवर ज्याचे नाव तोच मालक धरून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. म्हणून आपली जुनी गाडी विकतानाही हाच नियम पाळा. मालकी बदलताच विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज द्या.

इथे बँकेच्या कर्जाचा एक न दिसणारा फायदा आहे. बँक गाडीचे मूल्यांकन मागते, जुना बोजा बघते, आरसीवर आपला बोजा चढवून घेते. आपण या गोष्टींना कटकट म्हणतो, पण तिच्या पैशाची राखण करताना ती आपल्याही पैशाची राखण करते.

बँकेत जाताना तयारी

आधी बँक, मग गाडी, असा क्रम ठेवा. किती कर्ज मिळेल, किती वर्षे जुन्या गाडीला मिळेल, किमतीच्या किती भागाला मिळेल, हे आधी विचारून या. जुन्या गाडीला व्याज नव्या गाडीपेक्षा बहुधा जास्त असते. राष्ट्रीयीकृत बँक, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि जिथे तुमचे दुधाचे किंवा भाजीचे पैसे जमा होतात ती बँक, अशा दोन-तीन ठिकाणी विचारा.

सोबत आधार, पॅन, सातबारा आणि आठ-अ, वर्षभराचे पासबुक, आडत्याच्या हिशोबपट्ट्या, दूध संस्थेची बिले आणि असल्यास आयकराचे विवरण न्या. शेतकऱ्याला पगाराची चिठ्ठी नसते, म्हणून बँक बिचकते. तुमची पट्टी हीच तुमची पगाराची चिठ्ठी. ती चुलीत जाऊ देऊ नका. विक्रीचा पैसा शक्य तेवढा खात्यातून फिरवा. आधीच्या कर्जफेडीचा अहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो आधी काढून बघा. सोसायटीचे किंवा दुसरे कुठले जुने येणे चुकून बाकी दिसत असेल तर वेळेत दुरुस्त करता येते.

एक पथ्य पाळा. पीककर्जाचा पैसा गाडीत घालू नका. पीककर्ज वेळेत फेडले तर व्याजात सवलत मिळते. तोच पैसा चाकात अडकला तर सवलत जाते आणि पुढच्या खरिपाला बियाण्याची अडचण होते.

दुकानावरचे कर्ज कधी घ्यावे?

दुकानावरचे प्रत्येक कर्ज वाईट असते, असे माझे म्हणणे नाही. गाडी जास्त जुनी म्हणून बँक नाही म्हणते. कधी कागद पुरत नाहीत. कधी घरातले दुखणे थांबत नाही. काही डीलरांकडे चांगल्या बँकेचेच कर्ज मिळते आणि एखाद वेळी दरही कमी असतो. अशा वेळी जरूर घ्या, पण या अटींवर:

१. कर्ज प्रत्यक्ष कोणती बँक किंवा कंपनी देते, तिचे नाव कागदावर हवे. डीलर हा मधला माणूस.

२. मराठीतले मुख्य माहितीचे पत्रक हातात हवे आणि त्यातला ए.पी.आर. बँकेशी ताडलेला हवा.

३. जास्तीचा विमा, जास्तीची वॉरंटी हे आपल्या मर्जीचे. नको असेल तर नको म्हणा.

४. सुरुवातीला जमेल तेवढी रक्कम स्वतःची घाला आणि मुदत कमी ठेवा.

५. मुदतीआधी फेडले तर आकार किती, ते आधीच वाचा. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या, बदलत्या व्याजदराच्या कर्जावर घरगुती कामासाठी कर्ज घेतलेल्या व्यक्तीला असा आकार लावता येत नाही. मात्र जुन्या गाडीचे कर्ज पुष्कळदा ठरावीक दराचे असते. तिथे पत्रकात काय लिहिले आहे ते बघावे लागते. आकार नसेल किंवा थोडा असेल, तर पुढे कागद जमवून कर्ज बँकेत वळवता येईल.

हप्ता श्रावणाच्या हिशेबाने ठरवा

नोकरदाराचा पगार बाराही महिने सारखा. आपला पैसा भात विकल्यावर आणि उन्हाळी भाजीला येतो. गाडी आपण बहुधा दिवाळीनंतर घेतो, हात मोकळा असतो तेव्हा. आणि त्या हाताच्या हिशेबाने हप्ता ठरवतो. पण हप्ता श्रावण-भाद्रपदातही भरायचा असतो. तेव्हा लावणीची मजुरी आणि खत यात पैसा गेलेला असतो आणि पीक शेतात उभे असते.

म्हणून वर्षातला सगळ्यात ओढीचा महिना धरा. त्या महिन्यात घरखर्च जाऊन किती उरते ते मांडा. त्यातून डिझेल, विमा, टायर, दुरुस्ती यांचे पैसे बाजूला काढा. उरेल तेवढाच हप्ता. तो जमत नसेल तर दिवाळीनंतरच तीन हप्त्यांची रक्कम खात्यात वेगळी टाकून ठेवा आणि तिला हात लावू नका. आमच्या दादाने एवढे केले असते तरी म्हैस गोठ्यात राहिली असती. हप्त्याची तारीखही दुधाचे किंवा भाजीचे पैसे जमा होतात त्यानंतरची मागून घ्या.

तरीही हप्ता चुकणार असे वाटले तर लपू नका. आधीच जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दंड लावता येतो, पण तो दंड म्हणूनच. त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. वसुलीच्या माणसाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. गुंड पाठवून गाडी ओढून नेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच बजावले आहे. तक्रार असेल तर आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला पैसे पडत नाहीत. चौकशीचा फोन १४४४८.

आणि शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपले असे समजू नका. ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घ्या, आरटीओत जाऊन बोजा उतरवा. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करण्याचे बंधन कर्ज देणाऱ्यावर आहे. त्याच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

बंधू-भगिनींनो, बियाणे घेताना आपण पिशवीवरची तारीख बघतो, उगवणीचा टक्का वाचतो, चार दाणे हातावर घेऊन बघतो. तेवढीच चौकशी कर्जाची करा. टक्का ऐकलात की "कशावर?" असे विचारा. हप्ता ऐकलात की "एकूण किती?" असे विचारा. हे दोन प्रश्न मी त्या रविवारी विचारले नाहीत. तुम्ही विचारा.

आपले अनुभव आणि शंका कार्यक्रमाकडे पत्राने जरूर कळवा. पुढच्या भागात त्यांची उत्तरे देऊ.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी